सात नंबरचा सांधा

१

चोरी झाली की वस्तू जाते. इथे वस्तू जागच्या जागी होती, आणि तरीही चोरी झाली होती.

मंगळवारी सकाळी साडेनऊला पद्मजा डोनगावकरांनी परदेशी पाठवायची बंद पेटी उघडली, तीसुद्धा एका कागदापायी. चौबे कॉलोनीतल्या दोन खोल्यांत त्यांचं 'पैलतीर' नावाचं ऑफिस होतं. आपल्याकडच्या लहान कारखान्यांना परदेशातली कामं शोधून द्यायची, हा तिथला उद्योग. कुठल्या देशाला भातगिरणीची यंत्रं हवीत, कुठे विजेचे मनोरे उभे राहणार आहेत, हे पद्मजाताईंना आपल्या राहत्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांच्या खबरीआधी कळायचं. त्याआधी सव्वीस वर्षं त्या बँकेत परदेशी व्यापाराचे कागद तपासत होत्या. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच, अशी विसंगती हुडकून काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. निविदेच्या अटी त्या तीनदा वाचायच्या. आज तिसऱ्यांदा वाचताना दिसलं, की वेल्डरच्या प्रमाणपत्राची एक प्रत पेटीच्या आतही पाहिजे.

काम मोठं होतं. पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशाला ओढ्यांवर पायी चालायचे बावीस लोखंडी पूल हवे होते. अभनपुर रस्त्यावरच्या शिशिर लाखेच्या कारखान्याला ते जमण्यासारखं होतं. अट एवढीच, की आपल्या कामाचा नमुना, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेली एक प्लेट, आधी पाठवायची. ज्या वेल्डरचं प्रमाणपत्र, त्याच्याच हातची. कुरियरची गाडी दुपारी चारला येणार होती, आणि आज चुकली तर तारीख गेली.

पद्मजाताईंनी झाकणावर डकवलेली सहीची चिठ्ठी फाडली, स्क्रू काढले आणि सुती कापड उलगडलं.

प्लेट होती. त्याच मापाची, खाली तोच सात नंबरचा ठप्पा. पण शनिवारी त्यांनी स्वतः पाहिलेला सांधा एकसारखा, वेणी घातल्यासारखा होता. हा सांधा वाकडा चालला होता. मध्ये फुगलेला, पुढे रेषेवरून उतरलेला, शेवटी कसाबसा परत आलेला.

कोणीतरी चांगली प्लेट नेऊन वाईट ठेवली होती. ही अशीच गेली असती तर शिशिरचं नाव पहिल्याच चाळणीत गळलं असतं.

२

सौमित्र त्यांच्या ऑफिसातला इंजिनिअर. घरी आईशी मराठी ऐकायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. प्लेट पाहून त्याचा चेहरा उतरला.

"दीदी, मैंने तो बस फोटो लिया था. और चिठ्ठी चिपकाई थी."

"फोटो दाखव."

शनिवारच्या फोटोत आधीची प्लेट छान दिसत होती. पद्मजाताईंनी तो आपल्या फोनवर मागून घेतला आणि मग हळूच विचारलं, "पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंय म्हणे तुला?"

"आपको कैसे पता?"

"आठवडाभर तू भांग नीट पाडून येतोय."

सौमित्र लाजला. जायचं होतं, पण हे काम लागल्यावर. पहिल्या पुलाचा फोटो आईला दाखवायचा आणि मगच राजीनामा, असं त्याने ठरवलं होतं. शनिवारी पेटी कोणी भरली, ते मात्र त्याला नीट आठवत होतं. शिशिरभैयाने गाडीतून कापड आणलं. कारखान्यातल्या सरलाने ते टेबलावर पसरलं. उस्तादांनी, म्हणजे मारोतीभाऊंनी, प्लेट पुसली, गुंडाळली आणि पेटीत ठेवली. सौमित्रने स्क्रू मारून चिठ्ठी लावली.

"और रविवार को शिशिर भैया अकेले आए थे, नक्शा ठीक करने," तो म्हणाला. "सोमवार को सरला आधा घंटा यहाँ बैठी थी."

पद्मजाताईंनी फाडलेली चिठ्ठी टेबलावर जुळवून पाहिली. त्यांनी फाडली ती एकच सरळ रेष. त्याशिवाय ना सुरकुती, ना दुसऱ्यांदा लावलेला डिंक. म्हणजे रविवार आणि सोमवार दोन्ही उडाले. बदल झाला तो चिठ्ठी लागायच्या आधी, शनिवारी, भर दिवसा, त्यांच्या स्वतःच्या नाकासमोर. स्वतःचा असा राग त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

त्यांनी शिशिरला फोन लावला. "सगळ्यांना घेऊन ये. सरलाला आणि मारोतीभाऊंनाही. काय झालं ते आल्यावर सांगते."

३

अकराच्या आत तिघंही आले. पद्मजाताईंनी आधी चहा केला. चहा हातात असला की माणूस खोटं बोलायला जरा अडखळतो, असं त्यांचं बँकेतलं मत होतं.

शिशिर चाळिशीचा, घरात तीन महिन्यांची मुलगी, डोळ्यांत अपुरी झोप. सरला साहू अठ्ठावीसची, अभनपुरजवळच्या गावची. सहा वर्षांपूर्वी झाडू मारायला म्हणून कारखान्यात आली आणि आता वेल्डिंग करत होती. तिने डाव्या हाताने एक कप उचलला, तो मारोतीभाऊंच्या बोटांना टेकवला आणि त्यांनी धरल्यावरच सोडला. मग दुसरा स्वतःला घेतला. मारोती लांजेवार सदुसष्ट वर्षांचे. गोंदियाकडून तरुणपणी आलेले, शिशिरच्या आजोबांच्या हाताखाली शिकलेले, कारखान्याचे उस्ताद. गळ्यात गमछा आणि मांडीवर डब्याची पिशवी, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

पद्मजाताईंनी शिशिरला तेवढा आतल्या खोलीत नेलं.

"खरं सांग. तुला तिकडे जायचंय का? तीन वर्षं राहावं लागेल."

शिशिरने कपाळ चोळलं. "नाही जायचं, ताई. पोट्टी आत्ता कुठे हसून राहिली. पण चाळीस माणसं आहेत माझ्याकडे, आणि गिरण्यांची कामं आटली. हे काम गेलं तर मी दिवाळीनंतर अर्ध्या लोकांना काय सांगू?"

पद्मजाताईंनी बदललेली प्लेट पुढे केली. शिशिर एकदम पांढरा पडला, पण त्याला नवल वाटलं नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. या माणसाने असा सांधा आधी पाहिला होता.

"हे नंबरांचं काय असतं रे तुमच्यात?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आजोबांपासूनची पद्धत आहे. प्रत्येक वेल्डरचा एक नंबर. काम झालं की प्लेट जागची हलवायच्या आधी, समोर उभं राहून, सांध्याखाली ठप्पा मारायचा. शिकणाऱ्याला नंबर नसतो. त्याच्या कामावर उस्तादाचाच नंबर. उस्तादाला वाटलं की विश्वकर्मा पूजेला तो नवा ठप्पा हातात देतो, नारळ फोडून."

"आणि सांध्याची सुरुवात कुठून झाली, ते कळतं?"

"लाटा दिसतात ना बारीक? त्यांचं पोट ज्या बाजूला फुगलेलं, तिकडून सुरुवात. आम्ही उजव्या हाताचे सगळे डावीकडून उजवीकडे जातो." आणि एवढं बोलून शिशिर थांबला. आपण नको ते बोलून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

पद्मजाताईंनी चष्मा लावला. पेटीतल्या वाकड्या सांध्याच्या लाटांचं पोट डावीकडे होतं. मग त्यांनी फोनवरचा फोटो मोठा केला. त्या सुंदर सांध्याच्या लाटांचं पोट उजवीकडे होतं.

नंबर एक होता, आणि हात दोन होते.

४

कागद तपासणाऱ्या माणसाला एक सवय असते. दोन कागद जुळले नाहीत की तो आधी विचारतो, यातला खरा कोणता? पद्मजाताई सकाळपासून धरून चालल्या होत्या, की चांगली प्लेट खरी आणि वाईट प्लेट खोटी.  सात नंबर मारोतीभाऊंचा होता. उजव्या हाताने, डावीकडून सुरू केलेला तो वाकडा सांधाच सात नंबरचा खरा सांधा होता. सुंदर सांधा डाव्या हाताचा होता, आणि डाव्या हाताने चहा घेणारी मुलगी बाहेर बसली होती.

त्यांनी सरलाला आत बोलावलं. फोटो पाहताच तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"हव दीदी, मैंने ही किया. उस्तादचा पहिला सांधा बिघडला होता. त्यांना दिसलं नाही, भैयाला दिसलं. भैया बोले, सरला, तू करून दे, उस्तादले सांगू नको. माझा नंबर कहाँ है? सातच मारला."

"तुझं स्वतःचं प्रमाणपत्र आहे ना?"

"हव. उन्हाळ्यात भिलाईला परीक्षा दिली. पास झाली. पण उस्ताद नंबर नाही देत. तीन पूजा झाल्या, दरवेळी बोलतात, पुढच्या वर्षी."

शिशिर मान खाली घालून उभा होता. "त्यांनी मला सायकल शिकवली, ताई. बाबा गेले तेव्हा कारखाना त्यांनी धरला. तुमचे डोळे गेले, असं कोणत्या तोंडाने सांगू?"

"आणि तिकडचा तपासनीस व्हिडिओवर म्हणाला असता, की सात नंबरच्या माणसाने आत्ता करून दाखवा, तर?"

 कामही गेलं असतं, खोटारडे म्हणून नावही गेलं असतं आणि मारोतीभाऊ परक्या माणसांसमोर उघडे पडले असते.

पद्मजाताईंना रागवायचं होतं, पण ते जमेना. त्यांच्या वडिलांचे हात कापायला लागले, तेव्हा त्यांनीही वडिलांना काही सांगितलं नव्हतं. फक्त स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. दोन वर्षं बाबा ती किल्ली शोधत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या उशाखाली दुसरी किल्ली सापडली. त्यांना सगळं कळत होतं, फक्त मुलीने एकदा समोर बसून सांगावं, एवढीच वाट ते पाहत होते. ही गोष्ट पद्मजाताईंनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

"चांगली प्लेट कुठे आहे, ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

५

मारोतीभाऊ तसेच बसले होते. पद्मजाताईंनी खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"भाऊ, पिशवीत काय आहे?"

म्हाताऱ्याने पिशवीची गाठ सोडली. मग त्याने पिशवीतून गमछ्यात बांधलेली प्लेट काढून त्यांच्या हातात दिली. जड होती. तीन दिवस तो ती घेऊन हिंडत होता.

"फेकवली नाही गेली," तो म्हणाला. "लय सुंदर बसला सांधा. अंगठा फिरवला का समजते."

"तुम्हाला कळलं कसं?"

"काहून नाही कळणार? मी शेडच्या मागं बिडी ओढून राहिलो होतो. आतून आवाज आला. चांगला हात असला का भजी तळल्यावानी आवाज येते, एकसारखा. सरलाचा आवाज मी हजारात ओळखतो, मीच लावला तो. दुसऱ्या दिवशी शिशिर म्हणते, उस्ताद, तुमची प्लेट मस्त झाली. म्या म्हटलं, बरं. मंग म्या दुसरी केली, न् शनिवारी इथं पुसता पुसता तीच गुंडाळली. नंबर माझा हाय तर हात बी माझाच पाहिजे ना, ताई? पोट्टीची मेहनत माझ्या नावानं समुद्रापार धाडायची, हे चोरी नाही तर काय हाय? माझा थोडा वाकडा असन, पण खोटा नाही. तुटनार तर नाहीच."

"तुटणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण ते लोक आधी डोळ्यांनी बघतात, भाऊ. ही प्लेट गेली असती तर काम गेलं असतं."

मारोतीभाऊंनी मान वर केली. "इतका वाकडा हाय?"

 शिशिर दारात उभा होता, सरला त्याच्या मागे. पद्मजाताईंना पिठाचा डबा आठवला. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"हो, भाऊ. खूप वाकडा आहे."

 मारोतीभाऊंनी गमछ्याने तोंड पुसलं आणि ते म्हणाले, "सांगून टाकलं, बरं केलं. बाकी सारे नुसते उस्ताद, उस्ताद करून राहिले." आणि मग त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला. डब्याच्या खालून कागदाची एक पुरचुंडी निघाली. तिच्यात बोटाएवढा पोलादी ठप्पा होता, पिशवीत घासून घासून गुळगुळीत झालेला. त्याच्या टोकावर अकरा नंबर होता.

"तीन वर्षं झाले, बनवून ठेवला," ते म्हणाले. "दरवर्षी पूजेले घेऊन जातो न् वापस आणतो. वाटे, हा देला का आपलं काम सरलं. घे, पोट्टी."

सरला पुढे आली आणि त्यांच्या पायांशी बसून हमसून हमसून रडली. शिशिरही रडत होता, पण तो भिंतीकडे तोंड करून.

घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

६

अभनपुर रस्त्यावर पोचायला चाळीस मिनिटं लागली. सरलाने तोंडावर काच घेतली. मारोतीभाऊ तिच्याकडे पाठ करून, मान तिरकी करून उभे राहिले. ठिणग्यांचा आवाज सुरू झाला. दोन मिनिटंही झाली नसतील.

"थांब," ते म्हणाले. "हात जड पडला. मध्यात."

सरलाने थांबून पाहिलं. मध्ये बाजरीच्या दाण्याएवढं छिद्र राहिलं होतं. शिशिरला ते वाकून पाहिल्यावरही चटकन दिसलं नाही.

"दुसरी घे. घाई नको करू. रडून झालं असन तर श्वास घे आधी."

दुसरी प्लेट पहिल्या ठिणगीपासून शेवटपर्यंत एकसारखी तळली गेली. पद्मजाताई लोखंडी स्टुलावर बसून निविदेचे कागद बदलत होत्या. मारोतीभाऊंचं प्रमाणपत्र काढलं, सरलाचं लावलं, नंबर बदलला. मग एका रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. तिथल्या गावांतल्या कारागिरांना हे काम कोण शिकवणार, असा तो प्रश्न होता. शनिवारी सगळ्यांनी घाईत 'नंतर कळवू' असं लिहून तो मोकळा सोडला होता. पद्मजाताईंनी ते खोडलं.

"भाऊ, पासपोर्ट आहे का तुमच्याकडे?"

"मले कायले लागते पासपोर्ट?"

"काम मिळालं तर तिकडच्या पोरांचे आवाज लावायला जावं लागेल. वर्षातून दोन महिने. शिशिरलाही तेवढाच आधार होईल, त्याची मुलगी लहान आहे. पण आधी डोळ्यांचं ऑपरेशन. मोतीबिंदू असेल तर आठवड्यात घरी याल. परवा मी तुम्हाला स्वतः घेऊन जाते. टाळाटाळ चालणार नाही."

 पद्मजाताईंनी त्या रकान्याचा कागद पुढे केला तेव्हा मारोतीभाऊंनी सही करायची जागा बोट लावून दाखवायला सांगितली. एवढं त्यांनी आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

शिशिरने नाक्यावरून नारळ आणला. सरलाने डाव्या हातात ठप्पा धरून सांध्याखाली टेकवला आणि उजव्या हाताने उस्तादांची हातोडी ठप्प्याच्या माथ्यावर नेऊन ठेवली. म्हाताऱ्याने एकच घाव घातला. अकरा नंबर सरळ उमटला.

साडेतीनला ते परत चौबे कॉलोनीत होते. सौमित्रने नवा फोटो काढला, स्क्रू मारले, नवी चिठ्ठी लावली आणि तिच्यावर यावेळी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. गाडी चारला पाच मिनिटं असताना आली. पेटी चढली. सगळे फाटकाशी उभे राहिले, लेकीला सासरी पाठवताना राहतात तसे.

वाकडी प्लेट पद्मजाताईंनी आपल्या टेबलावर ठेवून घेतली. मारोतीभाऊंनी मागितली होती, पण त्यांनी दिली नाही. माझ्या दुकानातला एवढा एकच कागद खरा आहे, असं काहीतरी त्या म्हणाल्या.

गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या टोकाकडे निघाली. मारोतीभाऊ हात कपाळाशी धरून तिकडे पाहत होते. मग त्यांनी हात खाली घेतला.

"सरला," ते म्हणाले, "मले दिसत नाही. वळली का गाडी?"

सरलाने त्यांचा हात धरला. गाडी अजून कोपऱ्यावर होती, एका सायकलवाल्याला वाट देत थांबलेली. ती पुढे जाईपर्यंत सरला पाहत राहिली.

"हव, काका," ती म्हणाली. "आत्ता वळली."